मिसिंग एक, दोष दोन

गाडी १९६०च्या दशकातली. चार सिलिंडर, एक कार्बोरेटर, १२ व्होल्टची बॅटरी, इंजिनाला बसवलेला डायफ्रॅमचा पेट्रोल पंप आणि पॉइंट-कंडेन्सरचं इग्निशन (पॉइंट म्हणजे कॉईलचा प्रवाह जोडणारी-तोडणारी टोकं, कंडेन्सर त्यांच्यावरची ठिणगी आवरतो). तक्रार अशी की थंड असताना पहिल्या सेल्फला चालू होते, स्लोवर (रेस न देता) टिकते, वीस-पंचवीस मिनिटं सुरळीत पळते आणि मग मिसिंग, म्हणजे मध्येच जळण चुकून गचके सुरू. कधी दोन-तीन गचके देऊन सावरते, कधी मिनिटभर दम धरत नाही. थांबवून बॉनेट उघडलं की मात्र एकदम साळसूद.

अशा वेळी पॉइंट, प्लग, कंडेन्सर, कॉईल असा सगळा संच बदलून मोकळं व्हायचा मोह होतो. तो आवरावा. चार भाग एकदम बदलले आणि गाडी सुधारली, तर कशानं सुधारली ते कळत नाही. नाही सुधारली तर जुन्या संशयितांत चार नव्यांची भर पडते, कारण नवा भाग चांगलाच असेल याची हमी हल्ली कोणी देत नाही.

म्हणून आधी पाने बाजूला आणि हातात वही. प्रत्येक मिसिंगला सहा गोष्टी टिपल्या: इंजिन तापून किती वेळ झाला, गिअर कोणता, वेग किती, पायाखाली रेस किती, रस्ता सपाट की चढ, टाकीत पेट्रोल किती. सात-आठ नोंदी झाल्या आणि त्यांचे आपोआप दोन गठ्ठे पडले.

पहिल्या गठ्ठ्यात सपाट रस्ता, टॉप गिअर, ताशी ५०-६० किलोमीटर आणि पाय अगदी हलका. किल्ली फिरवून बंद करावी तसं इंजिन तुटायचं, क्षणात परत यायचं, आणि येताना सायलेन्सरमध्ये फटाका. गंमत म्हणजे पाय जोरात दाबला की हे मिसिंग पळून जायचं. दुसऱ्या गठ्ठ्यात लांब चढ आणि पाय पूर्ण दाबलेला. इथे ताकद हळूहळू ओसरायची, कार्बोरेटरमधून शिंका यायच्या, आणि पाय सैल करून अर्धा मिनिट हळू चालवलं की गाडी पूर्वपदावर.

फटाका कुठून वाजतो, यात अर्धं निदान असतं. करंट गेला की पेट्रोल-हवेचं मिश्रण न जळताच सायलेन्सरमध्ये जातं आणि करंट परत आला की पुढच्या ज्वाळेनं तिथेच पेटतं. उलट पेट्रोल कमी पडलं की पातळ मिश्रण रेंगाळत जळतं. इनलेट व्हॉल्व्ह उघडेपर्यंत आत ज्वाळा शिल्लक राहते आणि ती कार्बोरेटरकडे मागे फिरते. हा नियम शंभर टक्के नाही, टायमिंग (ठिणगीची वेळ) बिघडलेल्या गाडीत दोन्हीकडून आवाज येऊ शकतात. पण पहिला तर्क बांधायला पुरतो.

दुसरा साक्षीदार टॅकोमीटर. कॉईलवरून चालणारा टॅकोमीटर असेल तर गाडी गिअरमध्ये पळत असताना मिसिंगच्या क्षणी काटा बघा. काटा धाडकन शून्याकडे पडला, तर कॉईलच्या प्राथमिक (बॅटरीकडच्या, कमी व्होल्टेजच्या) बाजूचा प्रवाह तुटतोय. काटा गाडीच्या वेगाबरोबरच सावकाश उतरत असेल, तर प्राथमिक बाजू शाबूत आहे आणि संशय पेट्रोलवर किंवा जाड वायरींच्या (प्लगकडे जाणाऱ्या, जास्त व्होल्टेजच्या) बाजूवर जातो. टॅकोमीटर नसेल तर टायमिंग लाइटचा (प्रत्येक ठिणगीला चमकणाऱ्या दिव्याचा) चिमटा कॉईलच्या जाड वायरीवर लावायचा, लाइट केबिनमध्ये घ्यायचा आणि शेजारी बसणाऱ्यानं झगमग बघायची. वायरी पंखा आणि एक्झॉस्टपासून लांब बांधाव्यात. या गाडीत सपाट रस्त्यावरच्या मिसिंगला झगमग पूर्ण थांबत होती, चढावरच्या मिसिंगला अखंड चालू होती. म्हणजे दोष एक नसून दोन होते. एकाच औषधानं दोन्ही जातील अशी आशा तिथेच सोडली.

आधी करंट. बॅटरीचे टर्मिनल आणि इंजिन ते बॉडी अर्थची पट्टी ही तपासणी पाच मिनिटांची: सेल्फ मारताना इंजिनचा ब्लॉक आणि बॅटरीचा अर्थ यांच्यात व्होल्टेज अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे ही पट्टी गंजली की अर्थ क्लचच्या किंवा रेसच्या केबलमधून वाट शोधतो. (काही जुन्या गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ असतो. तिथे मीटरच्या वायरी उलट समजून घ्या.) मग प्लग काढले. चारही सारखे, बिस्किटी तपकिरी, गॅप ०.६५ मिलिमीटर. एकच प्लग काळा किंवा ओला निघाला असता तर त्या सिलिंडरची वायर, टॅपेट, कॉम्प्रेशन असा शोध घ्यावा लागला असता. चौघे सारखे असल्यामुळे दोष चौघांच्या सामाईक वाटेवर आला: इग्निशन स्विच, कॉईल, पॉइंट, कंडेन्सर, रोटर (फिरत एकेका प्लगला करंट वाटणारा भाग) आणि कॉईलपासून डिस्ट्रिब्यूटरच्या कॅपपर्यंतची मधली जाड वायर.

सामाईक वाटेची पहिली मोजणी व्होल्टेज ड्रॉपची. पॉइंट मिटलेले, किल्ली ऑन, मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरं कॉईलच्या पॉझिटिव्हवर. आदर्श वाचन अर्ध्या व्होल्टच्या खाली, इथे ०.९ होतं. इग्निशन स्विचमागचा ढिला, काळवंडलेला स्पेड टर्मिनल आणि फ्यूजचे चिमटे साफ केल्यावर ०.३ झालं. व्होल्टभराचा हिशेब क्षुल्लक वाटतो, पण कॉईलचा प्राथमिक रोध साधारण ३ ओहम असतो, म्हणजे १२ व्होल्टवर ४ अँपिअर. वाटेत नुसता अर्धा ओहम वाढला की प्रवाह ३.४ वर येतो, आणि कॉईलमध्ये साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे ती चौथ्या हिश्शानं घटते. बॅलास्ट रेझिस्टर (कॉईलच्या वाटेत मुद्दाम घातलेला रोध) असलेल्या गाडीत मात्र कॉईल दीड ओहमची असते आणि तिथे हे वाचन वेगळं येणारच. बॅलास्ट दोष म्हणून काढून टाकू नका.

सफाईनंतर स्विच, फ्यूज आणि हार्नेस हलवून बघितलं, काही फरक नाही. बॅटरीपासून कॉईलच्या पॉझिटिव्हला तात्पुरती थेट वायर देऊन गाडी फिरवली, मिसिंग तसंच. स्विचची बाजू सुटली. ही थेट वायर देताना मध्ये फ्यूज घाला आणि एक लक्षात ठेवा: किल्ली बंद केली तरी इंजिन बंद होत नाही, वायर उपसावी लागते. बॅलास्टच्या गाडीत ती बॅलास्टच्या आधी जोडायची, नाहीतर कॉईल तापून वेगळाच दोष जन्माला येतो.

मग चूक झाली. इंजिन तापल्यावरच मिसिंग येतं म्हणून कंडेन्सरवर संशय घेतला. संशय वाजवी होता. कंडेन्सर तापल्यावर सुटतो हे खरंच आहे, आणि सुटला की पॉइंटवर मोठी पिवळट ठिणगी दिसते, टोकं लवकर जळतात. इथे ठिणगी बारीक आणि निळसर होती, टोकं स्वच्छ होती. पुरावा समोर असूनही नवा कंडेन्सर बसवला, आणि गाडी सत्तर किलोमीटर एकदाही गचका न देता पळाली. प्रश्न सुटला असं समजून पेट्रोलकडे वळणार, तोच सपाट रस्त्यावर तेच मिसिंग परत हजर.

कंडेन्सर बदलताना डेल्कोच्या (डिस्ट्रिब्यूटरच्या) आत हात गेला होता. हात गेल्यावर आतलं काहीतरी थोडं हललं, तात्पुरतं जुळलं आणि श्रेय कंडेन्सरला मिळालं. येणाऱ्या-जाणाऱ्या दोषात ही फसगत फार वेळा होते. भाग बदलल्यावर गाडी सुधारली तर जुना भाग मुद्दाम परत लावून बघायचा. मिसिंग परत आलं तरच तो भाग दोषी.

डेल्को हा शब्द वापरला म्हणून जाता जाता: डिस्ट्रिब्यूटरला गॅरेजात डेल्को म्हणतात, ते मुळात एका कंपनीच्या नावाचं आद्याक्षर-रूप आहे. चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी १९०९ साली ओहायोतल्या डेटन शहरात काढलेली डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी, ती डेल्को. बॅटरी, कॉईल आणि पॉइंटच्या ज्या इग्निशनशी आपण झुंजतोय, ते मोटारीत रुळवण्यात केटरिंगचा मोठा वाटा होता.

आता नोंदींकडे परत. हलक्या पायाला मिसिंग, जोरात दाबलं की गायब. हलक्या पायाला आणि पूर्ण दाबलेल्या पायाला इग्निशनमध्ये काय बदलतं? व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स. म्हणजे व्हॅक्यूमनं ठिणगी थोडी आधी पाडायची सोय. थ्रॉटल (पायानं उघडणारी कार्बोरेटरची झडप) थोडा उघडा असताना मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम भरपूर असतो. तो नळीतून डायफ्रॅम ओढतो आणि डायफ्रॅम पॉइंटसकट बेस प्लेट फिरवतो. थ्रॉटल पूर्ण उघडला की व्हॅक्यूम पडतो आणि प्लेट जागेवर येते. स्लोवरही अनेक कार्बोरेटरमध्ये नळीचं भोक थ्रॉटलच्या वर राहतं, त्यामुळे प्लेट हलतच नाही. म्हणून उभ्या गाडीत सगळं छान. व्हॅक्यूमची नळी डेल्कोवरून काढली, टोकात खिळा घालून बंद केली आणि त्याच रस्त्यावर पाऊण तास गाडी फिरवली. एकदाही मिसिंग नाही. अ‍ॅडव्हान्स नसल्यामुळे पिकअप थोडा मंदावला आणि पेट्रोल थोडं जास्त जळलं, चाचणीपुरतं ते चालतं.

पक्कं करायची मोजणी अशी. कॅप आणि रोटर काढा. इंजिन हातानं फिरवून पॉइंटची टाच कॅमच्या सपाट बाजूच्या मधोमध आणा. प्लेट काही अंश फिरली तरी पॉइंट मिटलेलेच राहायला हवेत, म्हणून मधोमध. किल्ली ऑन. मीटर कॉईलच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि अर्थवर. वाचन ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा खाली हवं. या एका आकड्यात डेल्कोकडे जाणारी वायर, पॉइंटची टोकं, बेस प्लेट आणि प्लेटची अर्थ सगळं येतं. आता व्हॅक्यूमच्या नळीला तोंड लावून ओढा आणि काटा बघा. किल्ली मिनिटभरापेक्षा जास्त ऑन ठेवू नका, पॉइंट मिटलेले असताना कॉईल तापत राहते. डिजिटल मीटरपेक्षा काट्याचा मीटर किंवा साधा टेस्ट लॅम्प इथे बरा, कारण डिजिटल आकडा सावरेपर्यंत क्षण निघून जातो.

नळी ओढल्याबरोबर काटा ०.१५ वरून उडून १२ वर गेला आणि सोडल्यावर परत खाली. तीनदा ओढलं, तिन्ही वेळा तेच.

दोषी निघाली डेल्कोच्या बाहेरच्या टर्मिनलपासून पॉइंटपर्यंत जाणारी बोटभर लांबीची मऊ वायर. वरून बघितलं तर तिला काही झालेलं नव्हतं. कापडी विणीचं आवरण शाबूत, दोन्ही टर्मिनल घट्ट. चिमट्यात धरून हलकेच ताणली तेव्हा टर्मिनलपासून सहा-सात मिलिमीटरवर आवरण बारीक झालं, रबरासारखं लांबलं. आत तांबं नव्हतंच. तारा तिथे तुटून एकमेकींवर टेकून उभ्या होत्या. प्लेट ओढली की टोकं सुटायची, सोडली की टेकायची. गरम झाल्यावर आवरण मऊ पडून जास्त ताणलं जात असावं, म्हणून पहिली वीस मिनिटं गाडी गप्प.

इथे साधी ऑटोची वायर लावून भागत नाही. प्लेट प्रत्येक रेसला मागेपुढे होते, जाड तारांची वायर काही महिन्यांत तिथेच मोडते. अतिशय बारीक तारांची, मऊ आवरणाची वायर घ्यायची, टर्मिनल दाबून बसवायचं, सोल्डर टाळायचं किंवा अगदी टोकापुरतं ठेवायचं. सोल्डर तारांमध्ये वर चढलं की जिथे संपतं तिथे वायर कडक होऊन तुटते. लांबी इतकी की प्लेट दोन्ही टोकांना गेली तरी वायर ताणली जाऊ नये आणि कॅमला किंवा रोटरला घासूही नये. बेस प्लेटची अर्थची छोटी वायरही त्याच वेळी बदलली. तीही त्याच जातीची आणि त्याच वयाची.

हात आत होता तोवर बाकीचं उरकलं. पॉइंटचा गॅप ०.४० मिलिमीटर, टाच कॅमच्या टोकावर असताना, स्वच्छ फीलर गेजनं. तेलकट पाती टोकांवर तेल सोडते आणि ते जळून नवा थर जमतो. गॅप वाढला की ड्वेल (पॉइंट मिटून राहण्याचा काळ) कमी होतो आणि टायमिंग पुढे सरकतं, म्हणून गॅप आधी, टायमिंग नंतर, उलटा क्रम कधीच नाही. ३००० फेऱ्यांना हे पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतात. कॅमवर ग्रीसचा मोहरीएवढा ठिपका नसेल तर फायबरची टाच झिजते आणि गॅप आपोआप मिटत जातो. रोटर उलटा करून रिव्हेटखाली काळी रेघ आहे का ते पाहिलं. तिथून करंट शाफ्टला उडतो आणि हेही मिसिंग तापल्यावरच येतं. कॅपमधला कार्बन ब्रश स्प्रिंगवर मोकळा खालीवर होत होता. शेवटी अंधारात, इंजिन चालू ठेवून, जाड वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला. कुठे निळी रेघ दिसली नाही. करंटची बाजू मिटली.

उरला चढ.

पेट्रोलचा हिशेब आधी कागदावर करावा. ताशी ६० किलोमीटर आणि लिटरला १० किलोमीटर धरले तर तासाला ६ लिटर, म्हणजे मिनिटाला १०० मिलिलिटर. चढावर पूर्ण रेसला हे अडीच पट सहज होतं, धरा २५०. स्लोवर तासाला लिटरभर, म्हणजे मिनिटाला जेमतेम १५ ते २०. त्यामुळे उभ्या गाडीत पेट्रोलची तूट दिसणं जवळजवळ अशक्य. आता पंप मिनिटाला १५० च देत असेल तर चढावर दर मिनिटाला १०० ची तूट पडते. कार्बोरेटरमधल्या फ्लोटच्या वाटीत ५० मिलिलिटरच्या आसपास साठा असतो, तो अर्ध्या मिनिटात उपसतो. ताकद एकदम न जाता ओसरत का जाते आणि थोडं हळू चालवलं की वाटी भरून गाडी सुधारते का, दोन्हीचं उत्तर या गुणाकारात आहे.

टाकीचं झाकण सैल करून चढ चढला. तरी ताकद गेली, म्हणजे झाकणाचं हवेचं भोक बंद नव्हतं. ते बंद असतं तर झाकण उघडताना ‘सूं’ असा आवाज येतो आणि गाडी लगेच सुधारते. मग पंपाच्या आउटलेटला टी जोडून प्रेशर गेज लावला. सपाटीला साडेतीन पीएसआय; चढावर गाडी मलूल व्हायच्या बेतात एकच्या खाली. कार्बोरेटरची सुई आणि जेट इथेच सुटले, कारण पेट्रोल त्यांच्यापर्यंतच येत नव्हतं. पंपाची पाइप बाटलीत सोडून, कॉईलची मधली जाड वायर काढून अर्थला टेकवून, अर्धा मिनिट सेल्फ मारला: जेमतेम ७० मिलिलिटर, तेही बुडबुड्यांसकट. सेल्फच्या संथ फेऱ्यांतही निरोगी पंप याहून बरंच जास्त देतो. हे काम थंड इंजिनावर, मोकळ्या हवेत, अग्निशामक हाताशी ठेवून करा.

बुडबुडे महत्त्वाचे. टाकी ते पंप हा भाग ओढीवर चालतो. तिथे चीर असेल तर पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. जमीन कोरडी म्हणून पाइप चांगला असं समजण्यात अर्थ नाही. पंपाच्या इनलेटची पाइप काढून स्वच्छ पेट्रोलच्या छोट्या कॅनमध्ये नवी नळी सोडली आणि तीच चाचणी घेतली. अर्ध्या मिनिटात २४० मिलिलिटर, बुडबुडा नाही. पंप निर्दोष, दोष मागे.

मागे लोखंडी पाइप आणि टाकी यांना जोडणारा वीतभर रबरी तुकडा होता. बाहेरून काळा, तुकतुकीत. उभा चिरला तर आतला थर बाहेरच्या थरापासून सुटून जिभेसारखा लोंबत होता. प्रवाह कमी असताना जीभ बाजूला राहते. पंपानं जोरात ओढलं की ती भोकावर ओढली जाऊन वाट अरुंद करते, आणि क्लिपपाशी पडलेल्या केसाएवढ्या चिरेतून हवा शिरते. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला असंच फुगवतं आणि सोलतं. त्यामुळे इथेनॉल सोसणारी, त्यासाठीच बनवलेली पाइप वापरावी आणि बदलायची तर सगळी रबरी पाइप बदलावी, एक तुकडा नको.

अशी गाडी बघून बरेच जण ‘वेपर लॉक’ (उष्णतेनं पाइपातल्या पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह अडणं) म्हणून मोकळे होतात आणि पाइपला फडकी गुंडाळतात. वेपर लॉक होतो, नाही असं नाही. पण तो बहुधा गरम इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटं उभं केल्यावर किंवा रखडत्या गर्दीत होतो. थंड हवेत, वारा लागत असलेल्या चढावर तो पहिला संशयित नसावा.

नव्या पाइपनंतर त्याच चढावर प्रेशर अडीचच्या खाली आलं नाही. व्हॅक्यूमची नळी परत जोडली, टायमिंग पुन्हा तपासलं, स्लो आणि मिश्रण जुळवलं. स्लोवर व्हॅक्यूम गेजचा काटा पाऱ्याच्या १९ इंचांवर स्थिर. मग वहीतल्या नोंदींचाच रस्ता, तेवढ्याच भरलेल्या टाकीनं, तापलेल्या इंजिनावर तीन वेळा घेतला.

राहिला तो काढलेला जुना कंडेन्सर. तो मीटरवर ०.२२ मायक्रोफॅरड दाखवत होता, केसड्रायरनं तापवला तरी तेवढेच. तो परत बसवला, आणि नवा डिकीतल्या डब्यात गेला.